आमची वाटचाल : डाळिंबाच्या एका किलोत आरोग्य विमा किती?

सोलापुरात डाळिंबाची प्रतवारी आणि पॅकिंग हे आमचं काम. सुरुवातीला माल हाताने निवडला जायचा आणि माणसं दहाच्या आत होती, त्यामुळे ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) प्रश्न नव्हता. पुढे वजनावर प्रतवारी करणारं विजेचं यंत्र बसलं, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या आणि कायद्याच्या लेखी शेडचा कारखाना झाला. शेतमालाचं काम हंगामी, म्हणून ईएसआय नाही, असा समज आपल्या जिल्ह्यात फार आहे. साखर आणि गूळ हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत बसतात, म्हणून सुटतात. डाळिंबाचं पॅकिंग त्यात येत नाही.

१ जुलै २०१९ पासून मजुरीवरचा मालकाचा वाटा ४.७५ वरून ३.२५ टक्के झाला, कामगाराचा १.७५ वरून ०.७५. हजेरी ५०० रुपये आणि माणशी दिवसाला ४०० किलो माल धरा. मालकाचा वाटा होतो १६ रुपये २५ पैसे, म्हणजे किलोला चार पैसे, वीस किलोच्या कॅरेटला ८१ पैसे. आवक वाढली किंवा बागेत तेल्या (डाळिंबावरचा जिवाणू रोग) शिरला की भाव याच्या कितीतरी पट हलतो. विम्यामुळे धंदा परवडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब कागदावर मांडावा.

खरी अडचण पैशांची नाही, दिवसांची आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, पण त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबर ही एक सहामाही. आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या डाळिंबाचा) माल जुलै ते सप्टेंबर चालला आणि महिन्याला २६ हजेऱ्या पडल्या, तर बरोबर ७८ भरतात. पावसाने एक दिवस तोडणी थांबली की हक्क गेला. म्हणून माल नसेल त्या दिवशी कॅरेट धुणं, खोकी जोडणं असं काम काढून हजेरी लावायची. शिवाय या सहामाहीचा भत्ता लागू होतो तो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. दवाखान्यातला उपचार मात्र नोंदणीपासूनच, कुटुंबासकट.

आणखी एक घोळ मुकादमाच्या टोळीत होतो. विमा क्रमांक जन्मभर एकच असतो, पण दर हंगामाला नवी नोंदणी केली की त्याच बाईचे दोन क्रमांक होतात, दिवस दोन्हीकडे विभागले जातात आणि ७८ कुठेच भरत नाहीत. कामावर घेताना जुना क्रमांक मागायचा, आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवायचं.

पगार २१ हजारांच्या वर गेला की माणूस ईएसआयबाहेर. यंत्रचालक, हिशेबनीस यांच्यासाठी मग समूह विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, समूह पॉलिसीवर मात्र तो राहिला. २,००० रुपयांच्या हप्त्यावर ३६० रुपये कर, आणि तो आमच्या खर्चातच मुरतो, कारण ताजं डाळिंब करमुक्त असल्याने वजावट घ्यायला विक्रीवर करच नाही. तरी करासाठी समूह विमा सोडू नये. त्यात जुने आजार बहुतेक पहिल्या दिवसापासून धरतात. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

भावावर खरा परिणाम होतो तो शेतकऱ्याच्या दवाखान्यामुळे. बिल भरायला व्यापाऱ्याकडून उचल घेतली की बाग उक्ती (वजन न करता ठोक रकमेत) जाते, नाहीतर फळ लवकर तोडलं जातं. डाळिंब झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. कच्चं तोडलं तर आंबटच राहतं, रंग भरत नाही आणि प्रतवारीत खाली जातं. शेतकऱ्याला भाव कमी मिळतो आणि चांगल्या रंगाचा माल तेवढाच कमी पडतो, म्हणजे ग्राहकालाही स्वस्त पडत नाही.

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. पण ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेसाठी, दीड लाखांपर्यंत. पुढे पांढऱ्या कार्डाचे शेतकरी घेतले ते विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांचे. सांगोला-पंढरपूरचा बागायतदार बाहेरच राहिला, आणि उचल मागायला तोच यायचा. जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजनेत (जीवनदायीचंच पुढचं नाव) सगळी कार्डं आणि पाच लाखांचं कवच आलं. तरी ती यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांनाच लागू. दाखल न होता काढलेला ताप, तपासण्या, औषधं अजून खिशातूनच.

म्हणून उचलीची बोलणी करण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात : रुग्णालय यादीत आहे का आणि शिधापत्रिकेवर रुग्णाचं नाव आहे का. सुनेचं नाव पुष्कळदा माहेरच्याच कार्डावर असतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत ते बदलायला वेळ लागतो, म्हणून बहार धरतानाच उरकून घ्यावं.