बेन नेव्हिस एका दिवसात: आराखड्याची तिसरी फेरी

स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगरावरच्या मेच्या पहिल्या आठवड्यातल्या चढाईचा हा तिसरा खर्डा. पहिल्या दोन खर्ड्यांत वेळापत्रक पायथ्यापासून वर मोजलं होतं. आता ते माथ्यापासून खाली मोजलंय, कारण या डोंगरावर घोळ होतो तो बहुतेक उतरताना. चढायची वाट चुकणं तसं अवघड आहे. माथ्यावर 1883 ते 1904 या काळात हवामान वेधशाळा होती. तिथे घोड्यांवरून सामान नेण्यासाठी ही वाट बांधली, म्हणून चढ सौम्य आणि वळसे लांबलचक. पण मेच्या सुरुवातीला वरच्या वळशांवर आणि पठारावर बऱ्याचदा बर्फ असतो आणि त्याखाली वाट गायब होते. त्यात ढग उतरला की जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं.

आधी आकडे. माथा 1345 मी., ग्लेन नेव्हिसच्या व्हिजिटर सेंटरजवळची सुरुवात समुद्रसपाटीपासून जेमतेम 20 मी. उंच. म्हणजे निव्वळ चढ 1325 मी., जाऊन-येऊन साधारण 17 किमी. कळसूबाई 1646 मी. आहे म्हणून हा डोंगर सोपा समजू नये. तिच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर आहे, इथे मात्र जवळजवळ समुद्रापासून सगळी उंची पायांनी कमवायची.

वेळेसाठी 1892 पासून चालत आलेला नेस्मिथचा नियम घेतला: ताशी 5 किमी, शिवाय दर 10 मी. चढाला 1 मिनिट. सरावलेला, हलक्या पाठपिशवीचा माणूस यात बसतो. पाच-सहा जणांच्या गटासाठी वेग 4 किमी धरला. सुरुवातीपासून लोखन मेआल आन त-सुईच्या (सगळे ‘अर्ध्या वाटेवरचं तळं’ म्हणतात) जवळच्या सपाटीपर्यंत 4 किमी आणि 550 मी. चढ: 60 + 55 = 115 मिनिटं. तिथून माथा 4.5 किमी आणि 775 मी.: 67 + 78 = 145 मिनिटं. एकूण 4 तास 20 मिनिटं, थांबे 40 मिनिटं. सकाळी 8 ला निघालं तर 1 वाजता माथा. माघारीची वेळ दुपारी 2. तेव्हा जिथे असू तिथून वळायचं, माथा समोर दिसत असला तरी. उतरायला साडेतीन तास धरलेत, कारण बर्फावरून आणि सुट्या दगडांवरून उतराई चढाईच्या निम्म्या वेळात होत नाही. सूर्यास्त नऊच्या सुमारास, म्हणजे हाताशी तीनेक तास राखीव. हेच वेळापत्रक ऑक्टोबरअखेर वापरलं तर ब्रिटनमध्ये हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेल्यावर पाचच्या आतच अंधार गाठेल.

आता या फेरीचा मुख्य भाग, माथ्यावरून सुटणं. माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या (त्रिकोणमितीच्या) खांबापासून 231 अंशांच्या ग्रिड बेअरिंगवर (नकाशावरच्या उभ्या रेघांच्या उत्तरेपासून मोजलेली दिशा) 150 मी., मग 281 अंशांवर (काही ठिकाणी 282 छापलेलं आढळतं) पठार ओलांडून नागमोडी वळशांच्या तोंडाशी. असं पन्नास अंशांचं वळण का? थेट पश्चिमेला निघालं तर उत्तर कड्यातल्या गार्डीलू गली या नाळेचं तोंड वाटेत येतं, आणि त्यावर वाऱ्याने साचलेल्या बर्फाची छपरी पुढे झुकलेली असते. तिच्यावर उभं असताना खाली पोकळी आहे हे कळतच नाही. उलट या नाळेची धास्ती घेऊन जास्त डावीकडे सरकलं तर फाइव्ह फिंगर गली ही दुसरी नाळ. तिथे सुरुवातीचा उतार फसवा, चालण्याजोगा वाटतो आणि पुढे कडे लागतात. दोन नाळांच्या मधून जायचंय, म्हणून 150 मी. म्हणजे 150च.

ते मोजायचे पावलांनी. फक्त डावा पाय मोजायचा. सपाटीवर 100 मी.ला साधारण 62–65 येतात, म्हणजे 150ला 95च्या आसपास. मऊ बर्फात तेच 115–120 होतात. प्रत्येकाने आधी आपापला आकडा मोजलेल्या अंतरावर काढून नकाशाच्या मागे लिहायचा. दोघं मोजतील, एक जण कंपास धरेल, एक दिसण्याच्या टप्प्यात पुढे चालेल आणि मागून त्याला ‘डावीकडे, अजून’ असं सांगत सरळ ठेवलं जाईल. वाटेवर दगड रचलेले मोठे केर्न आहेत, पण दाट धुक्यात पुढचा दिसेलच असं नाही.

कंपासबद्दल दोन गोष्टी. ब्रिटनमध्ये ग्रिड उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक हल्ली फारच कमी झालाय. जुन्या पुस्तकातले पाच-सहा अंश इमानाने मिळवले तर नेमकी चूकच वाढते, म्हणून नव्या नकाशाच्या कडेचा आकडाच घ्यायचा. दुसरं, फोन आणि कंपास एका खिशात नको. फोनच्या कव्हरमधलं किंवा पाण्याच्या नळीच्या क्लिपमधलं चुंबक सुईची टोकं उलटवू शकतं.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे एक्स्प्लोरर 392, 1:25,000. फोनवरही उतरवलाय, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात.

हवामानासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वेस्ट हायलंड्सचा अंदाज. पायथ्याजवळच्या फोर्ट विल्यम गावाचा साधा अंदाज इथे कुचकामी. गावात 12 अंश असेल तर माथ्यावर 3च्या आसपास, आणि ताशी 30 मैलांच्या वाऱ्यात अंगाला ते उणे 4 लागतं. आमची रेघ: माथ्याच्या उंचीवर 40 मैलांच्या वर वारा असेल तर वर जायचं नाही. गोठणरेषा (जिथून वर तापमान शून्याखाली जातं ती उंची) माथ्याखाली असेल तर सकाळचा बर्फ टणक असणार, म्हणजे आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दात) हवेतच, आणि ते वापरता येणारी माणसंही. ॲक्स पाठपिशवीला बांधून ठेवलेली असेल तर घसरल्यावर तिचा उपयोग शून्य. सह्याद्रीत पावसाळ्यात चालणारे मऊ रबरी बूट क्रॅम्पॉनखाली वाकतात आणि क्रॅम्पॉन निसटतो. ताठ तळव्याचे बूट भाड्याने घ्यायचे.

बाकी सामानात नवं काही नाही: जॅकेट आणि पँट दोन्ही जलरोधक, हातमोजे दोन जोड (एक ओला होणारच), हेडटॉर्च, शिट्टी, गटाला पुरेल असा तंबूवजा शेल्टर, माणशी दीड ते दोन लिटर पाणी. जीन्स बाद. खाऊमध्ये शेंगदाण्याची चिक्की आणि गूळपोळी: हातमोजे न काढता खाता येतात, म्हणून चॉकलेटच्या आधी त्यांचा नंबर.

मदतीसाठी 999 (ब्रिटनचा आणीबाणीचा नंबर) वर आधी पोलीस, मग माउंटन रेस्क्यू मागायचं. 999ला एसएमएस करायचा तर नंबर आधी नोंदवावा लागतो. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत पाठवून ते काम आजच उरकायचं. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

वारा आडवा आला तर दोन पर्याय ठेवलेत. तळ्यापर्यंत जाऊन परत, किंवा नेव्हिस घळीतून स्टील धबधब्यापर्यंत. हा धबधबा 120 मी.चा आहे आणि पावसात उलट जास्त देखणा दिसतो.

राहिलेली कामं: दोघांचे बूट, सगळ्यांच्या पावलांचे आकडे, आणि घरी थांबणाऱ्या माणसाकडे वाट व परतीची वेळ लिहून देणं. संध्याकाळी 8 पर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, तेही त्याच कागदावर.