चर्चच्या जुन्या लाकडाची डबी : पाटीवरचा दावा कसा तपासला (माझा अनुभव)

देवळालीची छावणी आणि शरणपूरचं मिशन, या दोन वाटांनी साहेबांच्या घरातल्या बऱ्याच बारीकसारीक वस्तू नाशकात आल्या आणि जुन्या बाजारात विखुरल्या. त्यात कधीमधी तपकिरीची डबी, कागद कापायची सुरी किंवा क्रूस निघतो, आणि तळाशी पाटी असते : अमुक चर्चच्या जळक्या छपराचं लाकूड. माझ्याकडे आलेल्या डबीच्या पाटीवर होतं ‘यॉर्क मिन्स्टर, १८२९’. यॉर्क मिन्स्टर म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातलं मोठं चर्च.

पहिलं काम घरबसल्या होतं, ते म्हणजे पाटीचा मजकूर इतिहासाशी ताडून बघणं. यॉर्कला १८२९ च्या फेब्रुवारीत जोनाथन मार्टिन नावाच्या माणसाने आग लावली, तेव्हा क्वायरचं, म्हणजे गायकवृंदाच्या भागाचं, छप्पर, तिथली बाकं आणि ऑर्गन जळाला. नेव्ह म्हणजे मधला मोठा भाग. त्याचं छप्पर जळालं ते २० मे १८४० च्या आगीत. म्हणून ‘नेव्हचं लाकूड, १८२९’ असं लिहिलं असेल तर पाटी तिथेच संशयात येते. माझ्या पाटीवर भागाचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे या पायरीवर ती ना पास ना नापास.

मग लाकूड, म्हणजे ते इंग्लंडच्या जुन्या छपरांतलं ओक आहे की आपल्याकडचं साग वगैरे. सराफाचं दहापट भिंग आणि तिरका उजेड पुरतो. डबीच्या कडेला, जिथे लाकूड आडवं कापलेलं दिसतं तिथे बघायचं. ओकमध्ये प्रत्येक वर्षाच्या वलयाची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या रांगेने होते, पुढे छिद्रं एकदम बारीक होतात. शिवाय रुंद मज्जाकिरण, म्हणजे खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणारे पट्टे, असतात. झाकण त्या दिशेने चिरलेलं असेल तर त्यांचे चमकते, वेडेवाकडे चट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सागाला वलयं असतात, पण असे चट्टे नसतात. वजनावर विसंबू नका, वाळलेला ओक आणि साग जवळपास सारखेच भरतात. खरा चकवा सिल्व्हर ओकचा. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात लावतात तो हा. नावात ओक असला तरी तो ओकच्या कुळातला नाही, पण चट्टे मात्र तसेच झोकात दाखवतो. फरक आडव्या छेदात कळतो, कारण त्यात मोठ्या छिद्रांची वार्षिक रांग नसते.

माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा किड्याच्या भोकांचा. इंग्लंडच्या जुन्या ओकमध्ये डेथवॉच बीटल हा लाकूड पोखरणारा भुंगा असतो, त्याचं भोक साधारण ३ मिलिमीटरचं. फर्निचरच्या साध्या भुंग्याचं दीड-दोन मिलिमीटरचं. पण मापापेक्षा आकार बघा. पृष्ठभागावर नुसती गोल भोकं असतील तर कीड डबी झाल्यावरही लागलेली असू शकते. लांबट, उघडी पडलेली बोगदी दिसत असतील, म्हणजे पटाशीने किंवा करवतीने ती मधोमध चिरली गेली असतील, तर कीड आधी आणि कोरीवकाम नंतर. लाकूड आधी कुठेतरी वापरात होतं, एवढं त्यावरून म्हणता येतं. कुठे, ते नाही. वाडा पाडल्यावर वखारीत येणाऱ्या तुळयांतही असली बोगदी सापडतात.

बिजागरीचा एक स्क्रू काढून बघावा. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या मध्यापासून सर्रास झाले, त्याआधीचे बोथट. टोकदार निघाला म्हणून डबी खोटी ठरत नाही. बिजागरी बदललेली असेल किंवा साठवलेल्या लाकडाची डबी उशिरा केली असेल. फुलीचा स्क्रू मात्र साधारण १९३० च्या दशकापासून पुढचा. पाटी चांदीची असेल तर सराफ बाजारात शुद्धता कळते, पण वर्ष कळतं ते इंग्रजी हॉलमार्कच्या अक्षरावरून. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचं डोकं लंडनचं, आणि अक्षराचा साचा त्या-त्या शहराच्या तक्त्यात बघायचा. कागदी लेबल असेल तर नोटा तपासायच्या यूव्ही बॅटरीखाली धरा. निळसर पांढरं झळाळलं तर कागद साधारण १९५० नंतरचा.

प्रयोगशाळेचा मोह लवकर होतो. लाकडाची जात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत किंवा बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत ओळखून मिळते, पण त्यासाठी तुकडा द्यावा लागतो. वलयांवरून वय काढायला निदान ५० सलग वलयं हवीत, तीन इंची डबीत ती क्वचितच भरतात. भरली तरी झाड कधी वाढत होतं एवढंच कळेल, ते कोणत्या छपरावर चढलं हे नाही. शिवाय १०० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. परदेशात फोटोच पाठवा.

चर्चच्या दफ्तरखान्याला लिहिताना ‘ही खरी आहे का’ असं विचारू नये. त्याला उत्तर मिळत नाही. साध्या पार्श्वभूमीवर मोजपट्टीसह सहा बाजूंचे फोटो, मिलिमीटरमध्ये मापं, पाटीचा मजकूर अक्षरशः, आणि एकच प्रश्न : त्या आगीनंतर जुनं लाकूड कोणी विकत घेतलं याची नोंद आहे का? डबीच्या आत मालकाचं नाव कोरलेलं असेल तर दुसरा धागा मिळतो. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या भारतखात्याच्या, एन-३ मालिकेत आहेत. मिशनवाल्यांचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठात, चर्च मिशनरी सोसायटीच्या दफ्तरात.

एका क्रूसाचा निकाल मात्र लगेच लागला. दावा होता, आफ्रिकेत फिरलेला संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टन याचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं त्याचं लाकूड. नाशकात असा दावा सहज पटतो, कारण १८७३ मध्ये त्या झाडावर अक्षरं कोरणारा जेकब वेनराइट इथल्याच मिशनशाळेत शिकलेला, आणि झांजिबारच्या कॅथेड्रलमध्ये त्या झाडाचा क्रूस आहेच. पण ते झाड आफ्रिकेतलं म्पुंदू, आणि हा क्रूस भिंगाखाली सरळसरळ साग.

डबीसोबत ठेवलेल्या चिठ्ठीवर मी तीन ओळी लिहिल्या : लाकूड ओक, खात्रीने. लाकूड आधी वापरलेलं, बहुधा. यॉर्क, फक्त पाटीच्या शब्दावर. विकणाऱ्याला तिसरी ओळ आवडत नाही, पण कागद मिळेपर्यंत ती तशीच राहते. आणि तोवर डबीला पॉलिश पेपर लावू नका. बोगद्यांच्या कडा आणि पटाशीच्या खुणा पहिल्याच हातात घासून जातात.