तुम्ही विचारलंत म्हणून: घरातल्या कोथिंबिरीला कोणता दिवा?

‘घरात ऊन येत नाही, कोथिंबीर लावायची आहे, कोणता दिवा घेऊ?’ आणि लगेच पुढचं, ‘कुठल्या कंपनीचा?’ कंपनी राहू द्या. रॅक केवढा आहे आणि दिवा पानांपासून किती वर टांगणार, ते सांगा. ते कुणी सांगत नाही, आणि मी उत्तर टाळते असं ठरतं.

बहुतेक घरांत होतं ते असं. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात रगडलेले धणे, वर तीन फुटांवर नऊ वॉटचा बल्ब. आठ-दहा दिवसांत झकास उगवण होते, कारण तोवर दाण्यातली शिदोरी पुरते. ती संपली की देठ पांढुरके आणि लांबच लांब होतात, रोपं खिडकीकडे मान टाकतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढतं. पण उजेडाविना रोप पाणी ओढतच नाही. कोकोपीट चिंब राहतं, बुरशी धरते, देठ बुडाशी बारीक होऊन काळा पडतो आणि सकाळी अर्धा ट्रे आडवा. हा मर रोग. मग बुरशीनाशक येतं, खत येतं, शेवटी बियाण्याला शिव्या. दिव्याकडे कुणी बघत नाही, कारण खोली तर लख्ख दिसते! आपला डोळा कमी उजेडाला सरावतो, पान सरावत नाही. त्या बल्बखाली तीन फुटांवर जेमतेम अडीचशे लक्स पडतात. लक्स हे डोळ्याचं माप. झाडाच्या मापात, म्हणजे दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या हिशेबात, ते साधारण 4 मायक्रोमोल. चौदा तास जळूनही दिवसाची बेरीज 0.2 मोल (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल). कोथिंबिरीला दहा-बारा हवेत.

आता उत्तर. चार फूट बाय एक फूट फळीला 20 वॉटच्या चार पांढऱ्या एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या लांब पट्ट्या), प्रत्येकी 2000 ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड), शेजारी-शेजारी. पानांपासून 20 ते 25 सेंटिमीटर वर, आणि रोप वाढेल तशा वर सरकवता येतील अशा साखळीवर. बाजूंना पांढरा थर्माकोल. पानांच्या उंचीवर पंधरा हजार लक्सच्या आसपास मिळायला हवेत. पांढऱ्या एलईडीचे लक्स 67 ने भागले की मायक्रोमोल येतात. मोबाइलच्या ॲपवर मोजलंत तर अंदाज समजा, निकाल नव्हे. उजेडाची छटा 4000 केल्विन (किंचित पिवळसर) की 6500 (निळसर पांढरी), यावर वाद घालू नका, दोन्ही चालतात. मिरची-टोमॅटोला याच्या दुप्पट लागेल, तिथे बॅटनचा हट्ट सोडा.

झाडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, लाल-निळ्या एलईडींच्या जांभळ्या दिव्यांशी माझं वैर आहे, असं ऐकते. नाही. लाल-निळ्यावर झाडं वाढतात. पण हिरवा उजेड वाया जातो ही समजूत चुकीची आहे. मॅक्री या संशोधकाने 1972 मध्येच मोजून दाखवलं की पानं तोही वापरतात. शिवाय पांढरी एलईडी म्हणजे आत निळी चिप आणि वर निळ्यातला काही उजेड इतर रंगांत बदलणारा फॉस्फरचा लेप, तेव्हा निळा त्यात आहेच. आणि जांभळ्या झोतात पिवळं पडलेलं पान नि कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) ओळखू येत नाहीत. खोक्यावरच्या ‘1000 वॉट’कडे दुर्लक्ष करा, प्रत्यक्ष खेचलेले वॉट आणि मायक्रोमोल प्रति ज्यूल, म्हणजे खाल्लेल्या विजेमागे झाडाला किती उजेड मिळतो, ते विचारा. दुकानदार गडबडला तर पुढच्या दुकानात जा.

‘बॅटन घ्या, विषय संपला,’ असं मी पूर्वी ठणकावून लिहायचे. विषय संपत नाही. घरगुती बॅटन दीड मायक्रोमोल प्रति ज्यूलच्या घरात असते, झाडांसाठीचा चांगला एलईडी बोर्ड (पांढऱ्या एलईडींची सपाट पाटी) अडीचच्या पुढे. 80 वॉट चौदा तास म्हणजे महिन्याला 34 युनिट. बोर्डावर तेच काम वीसेक युनिटमध्ये. मग बोर्डच घ्यावा? बॅटन गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरी मिळते, बोर्डाचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) उकाड्यात गेला तर शोधत बसा. वर्षभर पीक घेणाऱ्याला बोर्ड परवडेल, फक्त पावसाळ्यापुरती सोय हवी असेल त्याला नाही. मधल्या लोकांना काय सांगावं, हे माझं अजून ठरत नाही.

तास मात्र चोवीस ठेवू नका. कोथिंबिरीला चौदा. पालकाला बाराच, दिवस लांबला की तो फुलाचा दांडा काढतो. टायमर आत सेल असलेला घ्या. साधा फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, आणि रोज तासभर वीज जाणाऱ्या ठिकाणी दहा-बारा दिवसांत त्याची सकाळ संध्याकाळी उजाडते.