हलकी सॅक आणि चेक्चाची लाकडं

कुंग्सलेडेन या पायवाटेवरून परत आल्यापासून ट्रेकर मित्रमंडळी एकच प्रश्न विचारतात, सॅक किती किलोची होती? खाणं धरून साडेसात. आकडा ऐकला की लगेच पुढचं सुरू होतं, तंबू कोणता घेतलास, स्टोव्ह कोणता. यातलं काहीच नव्हतं, आणि ते का नव्हतं हेच मला सांगायचं आहे.

उत्तर स्वीडनमधल्या आबिस्कोपासून दक्षिणेला हेमावानपर्यंत ही पायवाट साधारण ४४० किलोमीटर जाते. मी आणि माझी मावसबहीण ऑगस्ट संपता संपता तिचा उत्तरेकडचा, सगळ्यात गाजलेला भाग चाललो. इथे दर दहा-वीस किलोमीटरवर एसटीएफ या १८८५ सालच्या पर्यटन संस्थेची कुटी आहे. कुटीत गादी, उशी, पांघरूण, गॅसची शेगडी, भांडी, सगळं असतं. वीज नाही, नळ नाही. पाणी ओढ्यावरून बादलीने आणायचं, खरकटं पाणी ठरलेल्या जागी नेऊन ओतायचं, आणि भट्टीसाठी लाकूड आपणच कापायचं. तंबू, मॅट, स्टोव्ह, गॅस, पातेली घरी ठेवता आली ती यामुळे. पाणीही वाहायचं नाही, वाटेतल्या ओढ्याचं थेट प्यायचं. वाटेत अडकलो तर हाताशी असावी म्हणून एक पातळ स्लीपिंग बॅग घेतली. बाकी कपडे आणि खाणं. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी वजनाच्या मानाने पोट चांगलं भरते. तूप मात्र नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. लोणी तिथेच घ्यावं.

दोन बाबतींत माझं मत ठाम आहे. बूट जाळीचे, हलके घ्या. वाट दगडांची, मध्येच दलदल, दलदलीवर फळ्या. पाय भिजणारच. जाड चामडी बुटात शिरलेलं पाणी दिवसभर तिथेच राहतं, जाळीच्या बुटातून ते निघून जातं. लोकरीच्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी कोरडा ठेवा. आणि रेनकोटमध्ये ग्रॅम वाचवू नका.

हे दुसरं मत पक्कं झालं ते चेक्चाला. आधीच्या आलेसयाउरे कुटीपासून तेरा किलोमीटर, सगळा वेळ समोरून वारा आणि आडवा पाऊस. चेक्चाची कुटी या वाटेवरच्या सगळ्यात उंच कुट्यांपैकी, जवळजवळ हजार मीटरवर. आम्ही भट्टीपाशी बसून भाजणी भिजवत होतो, तेवढ्यात एक मुलगा आत आला. विशी-बाविशीचा असेल. पाठीवर आमच्याहून निम्मी सॅक, त्यात ताडपत्रीसारखा एक तुकडा आणि पातळशी रजई, दोन्हीतून पाणी निथळत होतं. ओठ निळे पडले होते. बुटाच्या नाड्या त्याला सोडता येईनात.

कुटी सांभाळणाऱ्या बाई सत्तरीला टेकलेल्या. त्याच्या सामानाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खाली बसून त्यांनी त्याच्या नाड्या सोडल्या, रजई भट्टीवरच्या दोरीवर टाकली, हातात गरम पाण्याचा मग दिला. खाटा भरलेल्या होत्या, म्हणून जमिनीवर गादी घातली. मग भट्टीजवळच्या खोक्यातून बर्चचे चार ओंडके काढून आत सारले. बर्चची पांढरी साल कागदासारखी सुटते आणि ओली असली तरी भसकन पेटते. ती लाकडं आदल्या दिवशी मुक्काम करून गेलेल्या कुणीतरी कापून ठेवली होती. त्या मुलाला ऊब मिळाली ती त्या अनोळखी माणसाच्या कष्टाची.

तासाभराने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने कुऱ्हाड कुठे आहे विचारलं. बाईंनी कोपऱ्यातल्या रबरी बुटांकडे बोट दाखवलं. मी कंदील घेऊन त्याच्यामागे लाकडाच्या खोपटात गेले. एकाने करवत धरायची, एकाने ओंडका. आम्ही फारसं बोललो नाही. खोकं काठोकाठ भरून आत आणलं तेव्हा बाईंनी फक्त मान हलवली. माझे डोळे भरून आले, ते त्या रात्री बहिणीलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ११५० मीटरची खिंड गारठ्यात पार झाली, पलीकडे अफाट दरी, संध्याकाळी सेल्काच्या कुटीत सौना, म्हणजे गरम वाफेची खोली. सेल्काच्या सकाळचा मात्र अजून राग आहे. महागड्या, चकचकीत हलक्या सामानाचा एक मोठा गट रात्रभर भट्टी धगधगती ठेवून पहाटेच निघून गेला. खोकं रिकामं, पाण्याची बादली रिकामी, खरकट्याची तुडुंब. सॅकमधलं ओझं कमी केलं आणि ते मागून येणाऱ्यावर टाकलं, हे हलकं चालणं नव्हे. बहिणीने बादल्या घेतल्या, मी करवत. पुढच्या कुटीला, सिंगीला, उशिरा पोचलो.

पुढे केब्नेकैसेच्या मोठ्या निवासात वीज, उपाहारगृह, गर्दी. जेवण उत्तम होतं, पण मला करमलं नाही. तिथून निक्कालुओक्ता एकोणीस किलोमीटर, आणि बस.

पुढच्या वेळी सिंगीहून दक्षिणेला जायचं नक्की आहे. त्या वाटेवर तेउसायाउरे तलाव स्वतः होडी वल्हवून ओलांडता येतो. होड्या तीन, आणि नियम असा की दोन्ही काठांवर किमान एक होडी राहिलीच पाहिजे. आपल्या काठावर एकच असेल तर पलीकडे जायचं, तिथली दुसरी होडी मागे बांधून परत यायचं, ती इथे सोडायची आणि पुन्हा वल्हवत जायचं. तलाव तिथे जवळपास किलोमीटरभर रुंद आहे. बहीण आत्ताच म्हणते, दोन वेळा मी वल्हवणार, एकदा तू.