उजवा खांदा, आठवडा २६: चोर बेंच नव्हताच

मंडळी, दुखऱ्या खांद्याच्या या वहीत मागच्या नोंदीत बेंच (बाकावर उताणं पडून छातीवरून बार ढकलणं) ४० किलोवर आणून ठेवला होता. फ्लोअर प्रेस (तेच, जमिनीवर पडून) झाला, न्यूट्रल ग्रिप (तळवे समोरासमोर) डंबेल झाले, तरी गुरुवार सकाळचा आकडा ५ च्या खाली यायला तयार नव्हता. आता तो २ वर आलाय, आणि बेंचमध्ये काहीएक न बदलता. सहा आठवडे भलत्याच व्यायामाला शिक्षा चालू होती.

नव्यांसाठी: आकडा म्हणजे उठल्यावर, अंग गरम होण्याआधी, हात बाजूने वर नेताना आणि शर्टाच्या बाहीत मागे घालताना येणारी कळ, ० ते १०. सेटच्या वेळची कळ फसवी. अंग तापलं की टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसुलीला येतं. म्हणून वहीत दोन रकाने: ‘सेटमध्ये’ आणि ‘दुसरी सकाळ’. सेटमध्ये ३ पर्यंत चालेल, पण २४ तासांत मूळ पातळीवर परत आलं पाहिजे. नाही आलं तर आधी एक सेट कमी, वजनाला हात त्यानंतर.

घोळ असा की या दोन रकान्यांत आदल्या दोन दिवसांचं काहीच दिसत नाही. वेळापत्रक बघा: सोमवारी लो-बार स्क्वॉट (बार पाठीवर जरा खाली टेकवून बैठका) ५×५, म्हणजे पाचाचे पाच सेट, ११० किलो, वर बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं). बुधवारी बेंच. शनिवारी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि लँडमाइन प्रेस (बारचं एक टोक जमिनीला टेकवून दुसरं वर ढकलणं). मंगळवार सकाळ ३-४, गुरुवार सकाळ ५. मंगळवारचे ३-४ रोच्या नावावर खपले आणि गुरुवारचे ५ अर्थात बेंचच्या, कारण खांदा दुखला की बेंचकडेच बोट जातं.

आठवडा २१-२२ मध्ये बेंच पूर्ण बंद होता. गुरुवार ४. म्हणजे बेंच काढून मिळाला अवघा एक आकडा! तिथेच शंका यायला हवी होती. आठवडा २३ विसर्जनाचा, सोमवारी जिम बंद, स्क्वॉट आणि रो दोन्ही बुडाले. बुधवारी तोच ४० किलोचा बेंच, गुरुवार २. एका आठवड्यावर विसंबायचं नाही म्हणून २४ व्या आठवड्यात लो-बार मुद्दाम परत: मंगळवार ४, गुरुवार ५. रो या आणि पुढच्या आठवड्यात तोच ठेवला. २५ मध्ये हाय-बार (बार वर, मानेच्या बुडाशी), बाकी जैसे थे: मंगळवार २, गुरुवार २. चोर सापडला.

आता कारण. लो-बारमध्ये बार खवाट्याच्या कण्याखाली, मागच्या डेल्टॉइडवर (खांद्यावरच्या गोल स्नायूवर) बसतो. तो तिथे टिकावा म्हणून हात आत घ्यावे लागतात, म्हणजे दंड मागे आणि खांदा बाहेरच्या बाजूला पूर्ण पिळलेला, अगदी शेवटच्या टोकाला. या अवस्थेत बायसेपचं लांब टेंडन, सांध्याची पुढची पिशवी आणि सबस्कॅप्युलॅरिस (खवाट्याच्या आतल्या बाजूचा स्नायू) तिघंही ताणावर. वरचा पाठकणा ताठ असेल तर कोपर आणखी वर जातं, बार घसरू लागतो आणि वजन पाठीऐवजी मनगट-कोपर-खांद्यावर उतरतं. ५ कामाचे आणि ४ वॉर्मअपचे सेट, प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तरी साडेचार मिनिटं पिळलेल्या टोकाला काढली. एवढं कोणी फिजिओच्या टेबलावर सांगितलं असतं तर आपणच नाही म्हटलं असतं. त्या चिडलेल्या टेंडनवर ४८ तासांत बेंच. मग ५ येणार नाही तर काय.

जागाही तेच सांगत होती. एका बोटाने दाखवता येईल अशी कळ खांद्याच्या पुढे, बायसेपच्या खोबणीत असेल तर लो-बार, डिप्स आणि बेंचचा तळ तपासा. कळ बाहेरच्या बाजूला, डेल्टॉइड संपतो तिथवर पसरत असेल आणि हात ६० ते १२० अंशांच्या मधे अडत असेल, तर संशय सुप्रास्पायनेटसवर (खवाट्याच्या वरच्या बाजूचा स्नायू) आणि गुन्हेगार बहुधा ओव्हरहेड (डोक्यावर वजन ढकलणं) किंवा लॅटरल रेझ (हात बाजूने उचलणं). बोटांत मुंग्या, ‘टक्’ आवाजानंतर हात उचलताच न येणं, किंवा कूस कशीही बदलली तरी झोपमोड: यातलं काही असेल तर वही मिटून डॉक्टर.

एक कबुली द्यायला हवी. काठी डोक्यावरून मागे नेण्याचा स्ट्रेच आठवडाभर दुप्पट केला होता, लो-बारसाठी ‘खांदा मोकळा’ व्हावा म्हणून. तोही त्याच टोकाला नेतो. चिडलेल्या जागेला चिडवून ती मोकळी होत नाही. बंद.

हाय-बारचा तपशील: बार ट्रॅपवर (मानेखालच्या स्नायूवर), हात लांब. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर खुणेचे पट्टे एकमेकांपासून ८१ सेंटिमीटरवर असतात, ऑलिंपिक वेटलिफ्टिंगच्या बारवर ९१ वर. जिममध्ये दोन्ही प्रकारचे बार असतील तर ‘पट्ट्यावर करंगळी’ हे माप निरर्थक ठरतं, टेप घेऊन मोजा. वजन ११० वरून ९७.५.

तरी मंगळवारी २ उरतच होते, म्हणून या आठवड्यात कापडी पट्ट्यांचा प्रयोग. आपल्याकडच्या जिममध्ये सेफ्टी स्क्वॉट बार (पुढे धरायला मुठी असलेला) शोधणं म्हणजे कावळ्याच्या घरट्यात कोकीळ. लिफ्टिंग स्ट्रॅप्सची एक जोडी खांद्यांच्या रुंदीवर बारला फासासारखी अडकवायची, टोकं छातीसमोर सोडायची आणि तळवे समोरासमोर ठेवून धरायची. कोपरं खाली, खांदा जवळपास सरळ. ६० किलो, ३×८, कळ ०. मंगळवार १! सात महिन्यांतला पहिला १. सावधान: अशा पकडीत बार मागे लोळू शकतो, तेव्हा रॅकच्या आडव्या पिना तळाच्या दोन बोटं खाली लावल्याशिवाय हे करू नका, आणि पुढे झुकलात तर पट्टे बार थोपवत नाहीत. गुळगुळीत नायलॉनचे पट्टे सरकतात. साधे जाड सुती घ्या, स्वस्तही पडतात.

रोटेटर कफचं (खांदा सांध्यात धरून ठेवणारे चार छोटे स्नायू) काम थोडक्यात. भिंतीला मनगट टेकून बाहेर ढकलणं, ५×४५ सेकंद, मधे २ मिनिटं. कुशीवर पडून बाहेर फिरवणं, कोपराखाली घडी केलेला टॉवेल, ३×१२, तीन सेकंद वर, तीन खाली. २ किलोवरून ३.५ वर. रबराच्या पट्ट्यांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. एकाचा हिरवा तो दुसऱ्याचा निळा, आणि सहा महिन्यांत दोन्ही ढिले. बॅग तोलायचा हुकवाला काटा लावून दुप्पट लांबीला किती किलो येतात ते लिहून ठेवा. प्लेटचंही तेच: ओतीव १.२५ च्या दोन प्लेट किराण्याच्या काट्यावर १.१ आणि १.४ भरल्या. दुखऱ्या खांद्याला हा फरक कळतो.

लँडमाइनसाठी एक हिशेब, कारण हाताला नेमकं किती वजन येतं असं मागे कुणी विचारलं होतं: २० किलोच्या बारचं हाताला साधारण अर्धंच वजन येतं, पण टोकाला चढवलेली प्लेट बरीचशी पूर्ण. म्हणजे ५ ची प्लेट ही ‘फक्त ५’ नसते. त्या खांद्यासाठी ती दीडपट उडी.

काहींचा अजून ‘खांद्यात हाड टेंडनवर घासतंय, तासून घ्यावं का’ असा प्रश्न असतो. घासण्याची ही कल्पना अमेरिकन शल्यचिकित्सक नीअर यांनी १९७२ साली मांडली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनच्या सीसॉ चाचणीत हाड तासणं आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर काढणं, यांत रुग्णाला जाणवेल एवढा फरक निघाला नाही. विश्रांती घेत बसण्यापेक्षा मापून वजन देणं बरं. टेपिंगने (खांद्यावर चिकटपट्टी लावून) दोन तास बरं वाटतं, तेवढंच.

पुढचं. ठरलं होतं की २८ व्या आठवड्यात बेंच ५० करायचा, छातीवर दोन इंची फळी ठेवून, म्हणजे तळाचे ५ सेंटिमीटर वगळून. फळी सुताराकडून आलीय, कडा घासून. पण वर लिहिता लिहिता लक्षात आलं: खांदा त्या पिळलेल्या टोकाला कधीतरी परत न्यावा लागणारच, फक्त ११० किलोखाली नको. त्यासाठी तालमीतला मुद्गल आहेच की! डोक्यामागून फिरवताना तेच टोक, पण हलक्या वजनाने आणि न थांबता. अडचण एवढीच की लाकडी मुद्गलचं वजन वाढवता-घटवता येत नाही, आणि तालमीतला सर्वांत हलका ४ किलोचा आहे. मूठ वर, गोळ्याजवळ धरली तर तरफ आखूड होते, पण मग फिरण्याची लय जाते.

तेव्हा फळी थांबेल. लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू ठासून भरली की दीड ते पावणेदोन किलो होते. मानेला सायकलच्या ट्यूबचा वेढा, पकडीसाठी. शनिवारी डेडलिफ्टच्या आधी, प्रत्येक हाताला ३×८, दोन्ही दिशांनी. लँडमाइन त्या दिवशी वगळायचा, नाहीतर रविवारचा आकडा कुणाचा हे परत कळायचं नाही. रविवारी ३ च्या वर गेलं तर अर्धी वाळू बाहेर.