आमची वाटचाल: बिलबुकापासून आखूड बिलापर्यंत

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवसभर बसणाऱ्या माणसाची बोटं संध्याकाळी पिवळी झालेली असतात. कितीही साबण चोळा, नखांच्या कडेला पिवळेपणा राहतोच. हळदीचं बरं आहे, लागली की दिसते. आमच्या मालातून, म्हणजे दुकानातल्या बिलांच्या कागदी रोलमधून, बोटाला जे लागतं त्याला रंग नाही, वास नाही. ते कळायला मला दहाएक वर्षं लागली, आणि मी म्हणे बी.एस्सी. केमिस्ट्री!

मी १९९६ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमचा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) केसेस आणि नंबरिंगचं एक यंत्र. लग्नपत्रिकांचा हंगाम चारच महिने, पण बिलबुकं बारा महिने लागायची. पांढरं पान, गुलाबी पान, मध्ये कार्बन. आण्णा, म्हणजे माझे सासरे, प्रत्येक नव्या बिलबुकाच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट टेकवून मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. मला त्यांनी आधी हिशेबाला बसवलं आणि वर्षभरात प्रुफं तपासायला.

मग कॉम्प्युटर आले. डॉट मॅट्रिक्सचा करकर आवाज, कडेला भोकं असलेला लांबलचक कागद. ते दिवस फार टिकले नाहीत. मेडिकलवाल्यांनी आणि कपड्यांच्या दुकानांनी छोटे थर्मल प्रिंटर घेतले आणि बिलबुकाची मागणी बघता बघता निम्म्यावर आली. आण्णा म्हणाले, "कागदाचाच धंदा आहे ना, मग कागद बदलू." २०१० मध्ये कुपवाड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला आणि जुनं स्लिटिंग मशीन आणलं. मिलमधून जंबो रोल यायचा, तो उभ्या पात्यांवर कापून ७९ मिलीमीटर आणि ५७ मिलीमीटरच्या पट्ट्या करायच्या, पुठ्ठ्याच्या कोअरवर गुंडाळायच्या, पॅक करायच्या. एवढंच काम, पण हात बसायला वर्ष गेलं. ताण जरा चुकला की रोल दुर्बिणीसारखा मधून बाहेर येतो, नाहीतर प्रिंटरमध्ये अडकतो.

थर्मल कागदाला शाई लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. मग काळं कशानं होतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. कागदावरच्या लेपात एक रंगहीन रंगद्रव्य असतं, त्याला ल्युको डाय म्हणतात, आणि त्याच्या शेजारी डेव्हलपर नावाचं आम्लधर्मी रसायन. प्रिंटरच्या हेडवरचे बारीक ठिपके तापले की तेवढ्या जागी दोन्ही वितळून एकमेकांना भेटतात आणि रंग उमटतो. नखाने जोरात ओरखडा काढला तरी घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ येते. कापून उरलेल्या कडांच्या पट्ट्या मी घरी न्यायची आणि माझी मुलगी त्यांवर चमच्याच्या टोकाने मोर काढायची. पेन्सिल नको, रंग नको, आपोआप काळा मोर! पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो आम्ही. तो मोर आठवला की आजही पोटात कसंतरी होतं.

तर हा डेव्हलपर वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए असायचा. प्लास्टिकच्या कडक बाटलीत बीपीए असतो तो रेणूंच्या साखळीत बांधलेला. कागदाच्या लेपात तो सुटा असतो, पिठासारखा. कागदाच्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्के. ५५ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ५५ ग्रॅम भरणाऱ्या कागदावरचं वीतभरापेक्षा थोडं लांब, ३० सेंटीमीटरचं बिल घ्या. ते भरतं सव्वा-दीड ग्रॅम. म्हणजे बीपीए साधारण १३ ते २६ मिलिग्रॅम, आणि तो बोटाला पुसून येतो. आमच्या मशीनवर तर पात्यांच्या आवरणात पांढरी धूळ साठायची. पॅकिंगच्या मावश्या ती पदराने झटकायच्या आणि तशाच डबा खायला बसायच्या. पाती मी स्वतः मोजून बदलायची, धुळीकडे मात्र कधी लक्ष दिलं नाही.

२०१६च्या नोटबंदीनंतर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जिकडेतिकडे स्वाइप मशीन, प्रत्येक व्यवहाराला दोन पावत्या, एक गिऱ्हाइकाची, एक दुकानदाराची. ५७ मिलीमीटरचे रोल पहाटेपर्यंत कापत होतो. पुढच्या जुलैत जीएसटी आला आणि ज्यांनी कधी बिल दिलं नव्हतं तेही प्रिंटर घेऊन बसले. याच धामधुमीत आमच्या पुरवठादाराने बीपीए नसलेला कागद आणला. भाव किंचित जास्त. २०१८ मध्ये आम्ही हिरवे गोल स्टिकर छापून घेतले, 'बीपीए-मुक्त', आणि खोक्यांवर चिकटवले. माझीच कल्पना. विक्री वाढली.

२०१९च्या महापुरात पेठेतल्या गोदामातला सगळा माल गेला. ती गोष्ट वेगळी, कधीतरी सविस्तर लिहीन. त्यातून उठतोय तोवर लॉकडाऊन लागला.

त्या काळात औषधांची दुकानं तेवढी उघडी. मी स्वतः स्कूटरवर रोल पोचवायची. एका मेडिकलमध्ये काउंटरवर बसणाऱ्या मुलीने सॅनिटायझर चोळलेल्या ओल्या हातानेच बिल फाडून गिऱ्हाइकाला दिलं आणि मला विचारलं, "काकू, हा कागद हाताला चालतो ना? मला सातवा लागलाय. सारखं सॅनिटायझर लावलं की बिलाची पूड हाताला चिकटल्यासारखी वाटते." मी खोक्यावरचा हिरवा गोल दाखवला. "अगं बीपीए-मुक्त आहे, काळजी करू नकोस." ती हसली. मी बाहेर आले, स्कूटर सुरू केली आणि डोक्यात आलं, बीपीए नाही, मग आहे काय? डेव्हलपरशिवाय तर अक्षर उठायचंच नाही.

रात्री पुरवठादाराचे जुने ईमेल काढले. एका माहितीपत्रकात डेव्हलपरच्या रकान्यात लिहिलं होतं: ४,४-सल्फोनिल डायफीनॉल. विलिंग्डन कॉलेजची प्रयोगशाळा आठवली, फीनॉलची बाटली उघडली की नाकात बसणारा तो वास. बीपीएत असतात तसेच दोन फीनॉल, फक्त मध्ये कार्बनच्या जागी सल्फोनचा, म्हणजे गंधकाचा सांधा. म्हणजे बिस्फेनॉल एस, बीपीएस. बीपीएचा सख्खा भाऊ. माझं स्टिकर खोटं नव्हतं हो, अक्षरशः खरं होतं. पण एक भाऊ बाहेर काढला आणि दुसरा आत घेतला, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर जे वाचत सुटले त्यातलं थोडं सांगते. मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं की सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने पावती धरली की बीपीए हातावर कितीतरी जास्त उतरतो. त्याच वर्षी छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २४ जणांना दोन तास पावत्या हाताळायला दिल्या, तर त्यांच्या लघवीतलं बीपीएचं प्रमाण वाढलं. हातमोजे घातल्यावर तशी वाढ दिसली नाही. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात बीपीएला ०.०२ टक्क्यांची मर्यादा घातली. स्वित्झर्लंडने त्याच वर्षी बीपीए आणि बीपीएस दोन्हींना एकदम दार बंद केलं. स्विस लोकांनी माझं स्टिकर जणू वाचलंच होतं! पावतीने अमुक आजार होतो असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. ही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सची नक्कल करतात, एवढं मात्र नक्की. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा आधीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली. आणि ज्याच्या घरी महिन्यातून दहा बिलं येतात त्याच्यापेक्षा जी मुलगी दिवसाला तीनशे बिलं फाडते तिचा प्रश्न मोठा, हे समजायला विद्यापीठ लागत नाही.

फीनॉलच नसलेल्या डेव्हलपरचा कागद मिळतो. 'फीनॉल-मुक्त' म्हणून विकतात. जर्मनीत तर डेव्हलपरच काढून टाकलेला निळसर करडा कागद निघालाय. त्यात उष्णतेने वरचा अपारदर्शक थर बसतो आणि खालचा काळा दिसू लागतो. तो आमच्या आवाक्यातला नाही. फीनॉल-मुक्त कागद आम्ही मागवला, रोल विकायला बसला पाचव्या हिश्श्याने महाग. सांगलीत रोलमागे दोन रुपये वाढले तर दुकानदार तुमचा चहासुद्धा घेत नाही. पहिल्या तीन महिन्यांत चार गिऱ्हाइकं टिकली. त्यातलं एक ते मेडिकल.

मग एका रात्री मी वेगवेगळ्या दुकानांची बिलं जेवणाच्या टेबलावर पसरली, पट्टी घेतली, लाल पेन घेतलं. एका किराणा बझारच्या बिलात वर चार सेंटीमीटर गणपती. मग दुकानाचं नाव, मग तेच नाव इंग्रजीत. मालाचं नाव लांब म्हणून प्रत्येक ओळ दोनदा मोडलेली. खाली 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही', धन्यवाद, थँक्यू, पुन्हा या. आणि शेवटी कटरच्या आधी सोडलेला कोरा कागद, पुन्हा चार सेंटीमीटर. तीस सेंटीमीटरच्या बिलात कामाचा मजकूर अठराचा होता. ५० मीटरच्या रोलमध्ये ३० सेंटीमीटरची १६६ बिलं निघतात, २० सेंटीमीटरची २५०. रोल पाचव्या हिश्श्याने महाग, पण बिलं दीडपट. म्हणजे बिलामागचा खर्च उलट कमीच झाला.

हे गणित घेऊन मी आणि मुलगी (मोरवाली, आता कॉम्प्युटर शिकलेली) दुकानोदुकानी गेलो. रोल आमचा घ्या, बिलाची मांडणी आम्ही फुकट बसवून देतो. समास कमी, अक्षर एक घर लहान, मालाची नावं आखूड, कोरी जागा एका सेंटीमीटरवर. आण्णा तेव्हा नव्वदीला टेकले होते. म्हणाले, "वाण्यानं गिऱ्हाइकाला साखर कमी खा म्हणून सांगावं, तसं चाललंय तुमचं." खरंच होतं. जुन्या गिऱ्हाइकांकडून रोलची मागणी कमी झाली. नवी गिऱ्हाइकं जोडून ती भरून काढायला दोन वर्षं गेली.

सगळ्यात अवघड गेला गणपती. एक अडतदार म्हणाले, "बाकी काय कापायचं ते कापा, देवाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, भाऊ, तो पायाखाली येतो, कचऱ्यात जातो, त्याचं काय? ते गप्प झाले. शेवटी '॥ श्री ॥' एका ओळीत बसवलं. साडेतीन सेंटीमीटर वाचले. चित्रातला काळा भाग छापताना हेडही जास्त तापतं, तेही वाचलं.

न छापलेलं बिल सगळ्यात स्वस्त, हे आम्ही आता रोल विकतानाच सांगतो. नोंदणीकृत दुकानदाराने दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल, तर वेगळं बिल दिलं नाही तरी चालतं. दिवसाअखेर एकत्र बिल करायचं. स्वाइप मशीनवर दुकानदाराची दुसरी पावती बंद करता येते का, ते बँकेला विचारायला लावतो. फ्रान्समध्ये तर १ ऑगस्ट २०२३ पासून मागितल्याशिवाय बहुतेक पावत्या छापायच्याच नाहीत असा नियम आहे. मोबाइलवर बिल पाठवण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बिलाच्या नावाखाली नंबर घ्यायचा आणि मग रोज सेलचे मेसेज टाकायचे, हा आगाऊपणा आहे. शिवाय आमच्याकडे बाजाराला आलेल्या कितीतरी बायकांच्या घरात फोन एकच असतो, तोही नवऱ्याच्या खिशात. तिला कागद हवा असेल तर मिळाला पाहिजे. फक्त आखूड आणि बरा.

गाळ्यात आता पात्यांपाशी धूळ ओढणारं यंत्र आहे, मावश्यांना मास्क आणि हातमोजे आहेत. उन्हाळ्यात हातमोज्यांवरून रोज कुरबुर होते. डब्याआधी साबणाने हात, यावर मात्र तडजोड नाही. काउंटरवरच्या मुलामुलींना आम्ही एक छापील चिठ्ठी देतो, साध्या कागदावर. ओल्या हाताने बिल धरू नका, सॅनिटायझर आधी वाळू द्या, बोट थुंकीने ओलं करून पिशवी उघडू नका, बिल चुरगळून हातात ठेवू नका. वॉरंटीचं बिल असेल तर झेरॉक्स काढून घ्या, कारण पाकिटाच्या प्लास्टिकमध्ये थर्मल अक्षर उडतं.

हिरव्या स्टिकरवाल्या मालाचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. बराचसा विकला गेला होता, ते परत आणता येत नाही. एकोणीस खोकी उरली. ती विकवेनात. रद्दीत घातली तर लगद्यात मिसळून ते बिस्फेनॉल टिश्यूच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या रूपाने पुन्हा कुणाच्या तरी घरी जाणार, म्हणून तीही वाट बंद. जिन्याखाली ताडपत्री टाकून ठेवलीत. रद्दीवाला दर महिन्याला येतो, ताडपत्रीचं टोक उचलून बघतो आणि विचारतो, "वहिनी, ह्याचं काय ठरवलंत? किलोला दोन रुपये जास्त देतो."