गंगापूर धरणाकाठी अडकलेली खोली

नाशिकजवळच्या गिरणाऱ्यापाशी मामेभावाच्या द्राक्षबागेत आमची कॅराव्हॅन दोन रात्री उभी होती. जानेवारी, गंगापूर धरणावरून येणारं बोचरं वारं. मिनीबसच्या चासीवर बांधलेल्या या गाडीत माझ्या आईला पाय पसरून झोपता येतं, ते बाजूने बाहेर सरकणाऱ्या छोट्या खोलीमुळेच. सोमवारी पहाटे त्र्यंबकेश्वरला निघायचं म्हणून खोली आत घ्यायला बटण दाबलं. नुसतं ‘टक्’ झालं. खोली जागची हलेना.

खोली बाहेर असताना गाडी जराही हलवायची नाही. आई शाल गुंडाळून, आंघोळ करून तयार.

आधी मी बटणावरचं बोट काढलं. अडकलेली मोटर करंट भरमसाट ओढते आणि फ्यूज नाहीतर मोटरच जळते. टॉर्च घेऊन छतावरची पानं-काड्या, रुळातले खडे, आत कुठे चप्पल अडकलीय का, सगळं पाहिलं. काही नाही. फ्यूज शाबूत. ‘टक्’ वाजतंय म्हणजे रिले, बटण दाबल्यावर मोटरला वीज जोडणारा स्विच, तोही जिवंत.

मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. भाऊ म्हणाला, “ताई, बॅटरी फुल आहे, म्हणजे मोटरच गेली. अंबड एमआयडीसीतून कोणाला तरी बोलावतो.” मला ते पटेना. चालू नसताना सगळं ठीकच दिसतं, मोजायचं ते लोड टाकून, म्हणजे मोटर वीज ओढत असताना. त्याला दोन सेकंद बटण दाबायला सांगितलं. बॅटरीवर १२.२ टिकले. मग मी गाडीखाली शिरले. मोटरच्या टोकांवर जेमतेम ७! पाच व्होल्ट वाटेतच गडप. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मोटरच्या निगेटिव्हला लावून पुन्हा बटण दाबायला लावलं. तिथे जवळपास शून्य यायला हवं, आले ४.८. म्हणजे गळती परतीच्या, अर्थच्या वाटेवर.

अर्थची वायर चासीला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर, हिरवा कळक चढला होता, न घासलेल्या तांब्याच्या घागरीवर चढतो तसा. भावाने वाकून पाहिलं. “हे तर मोरचुदासारखं दिसतंय!” दिवाळीत आम्ही कोकणात समुद्रालगत चार दिवस होतो आणि परतल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतलं नव्हतं. ही चूक माझीच.

बॅटरीचं कनेक्शन काढून बोल्ट सोडवला. पॉलिश पेपरने थिंबल लालसर होईपर्यंत आणि चासीचं लोखंड चकाकेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घालून कचकचून आवळलं, वरून व्हॅसलीन. बॅटरी जोडून, भावाला क्षणभर बटण दाबायला लावून पुन्हा मोजलं तर ०.२.

एवढ्याने भागलं नसतं, तर मोटरच्या ब्रेकचा खटका सोडून हँडलने खोली हाताने आत घ्यावी लागली असती. ते हँडल कुठे ठेवलंय हे घरून निघण्याआधीच बघून ठेवा. आणि खोली आत आली की खटका परत लावा, नाहीतर घाटात ती सरकेल.

बटण दाबलं. खोली सरसरत आत आली, रबर चारी बाजूंनी बसलं. अंजनेरी ओलांडली तेव्हा ऊन वर आलं होतं. दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले. कुशावर्त कुंडावरून परतताना आई म्हणाली, “आता जरा आडवं व्हायचंय गं.” पार्किंगच्या मोकळ्या कडेला गाडी लावून खोली बाहेर काढली. तिने उशी सारखी केली आणि पाय पसरले.